दाईच्या मकबऱ्यात

ती बाथरूममध्ये केस पुसत होती तेव्हा तिच्या खोलीतून मोजपट्टी डबीत परत शिरल्याचा आवाज आला. सर्रकन, आणि शेवटी टक्. आवाज लहानसाच, पण ओळखायला तिला विचार करावा लागला नाही. ती पत्र्याची पिवळी टेप तिच्या नवऱ्याची होती, आणि घरात काही नवीन यायचं असेल तरच ती खणातून बाहेर निघायची. बाहेर येऊन पाहते तर खोलीत कोणी नव्हतं. पलंग होता तिथेच, कपाट होतं तिथेच. फक्त खिडकीखालच्या भिंतीवर पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा होत्या. त्यांच्यामधलं अंतर पाळण्याएवढं नव्हतं, चांगलं मोठ्या माणसाच्या पलंगाएवढं होतं. स्वयंपाकघरात मुलगा आणि सून सँडविचं गुंडाळत होते. ती दारात दिसताच दोघंही एकदम हसले, आणि हसू आधीपासून तोंडात तयार ठेवलं असावं असं तिला वाटलं. "आई, ते निळं घाला ना आज," सून म्हणाली. सातव्या महिन्याचं पोट ओट्याला लागू नये म्हणून ती तिरकी उभी होती. "निळं खुलतं तुम्हाला. फोटो काढू तिथे." मुलगा सँडविच गुंडाळत राहिला. त्याच्या कानामागे पेन्सिल होती, ती काढून ठेवायला तो विसरला होता.

मकबरा बघायला जायचं हे नावाला. शहराच्या टोकाला बादशहाच्या दाईचा मकबरा होता, आणि शहरातल्या सगळ्यांसारखी तीही तो शाळेच्या सहलीत एकदा बघून विसरली होती. खरं बघायचं होतं ते एका माणसाला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी सुनेच्या ऑफिसात. घरात त्याला 'पाणीवाले' म्हणायला लागले होते, तेही इतक्या लवकर की तिला वाटलं हा माणूस आपल्याआधीच घरात येऊन राहिलाय. महिनाभरापूर्वी मुलाने तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. आई, तुझंही आयुष्य आहे. आमची काही जबरदस्ती नाही. नुसतं भेट, आवडलं नाही तर विषय संपला. सून मध्येच डोळे पुसत होती. दोघांच्या बोलण्यात रागवायला टाचणीएवढी जागा नव्हती. कोणी वाईट बोललं असतं तर ती फाडकन उत्तर देऊन मोकळी झाली असती, पण या प्रेमाला धरायला कुठे कड सापडत नव्हती. ती "बघू" म्हणाली होती. 'बघू'चा अर्थ घरात 'हो' असा झाला, आणि तो केव्हा झाला हे तिला कळलंही नाही.

तिचा स्वतःचा दिवस हॉस्पिटलच्या तळघरात जायचा. एमआरआयची टेक्निशियन. काचेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते पांढरं मोठं यंत्र आणि त्याच्या बोगद्यात आडवा झालेला कोणीतरी. माणसांच्या हातात एक रबरी फुगा दिलेला असायचा, भीती वाटली तर दाबायला. बहुतेक जण दाबत नसत, लाजत. पण माइकमधून येणाऱ्या श्वासावरून तिला कळायचं, आणि मग ती बोलायला लागायची. काय बोलते याला महत्त्व नव्हतं, आवाज खाली ठेवून बोलत राहायचं. झालंच. अजून थोडंच. हलू नका. निम्म्या वेळा ते खोटंच असायचं. नवरा गेल्यावर एकदा तिच्या लक्षात आलं होतं की ती घरीही त्याच आवाजात बोलायला लागली आहे, आणि समोरचा काचेपलीकडे असावा तसं त्याच्याकडे बघते आहे. नवरा वाईट नव्हता. संसार नीट झाला. पण तो गेल्यावर काही महिन्यांनी एका दुपारी ती पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपली, आणि जाग आल्यावर तिला जो आनंद झाला त्याची तिला इतकी लाज वाटली की ती कोणाजवळही बोलली नाही. त्यानंतर ती खोली तिची झाली. तिथे ती कोणाशीही, कुठल्याही आवाजात बोलत नसे.

फाटकाच्या कमानीखाली पाणीवाले आणि त्यांची मुलगी आधीच येऊन थांबले होते. माणूस उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशाला पेन. मुलगी बोलकी. पाटीवरची माहिती मुलाने मोठ्याने वाचून दाखवली. दाईने बादशहाला लहानपणी वाढवलं, म्हणून त्याने तिच्यासाठी हे बांधलं. "बघ आई," तो म्हणाला, "नुसत्या दाईसाठी एवढं. आणि आम्ही सख्ख्या आईला सँडविचवर भागवतोय." सगळे हसले, तीही हसली. आत बाग पसरली होती, चार सारख्या चौकोनांत कापलेली. सरळ फरसबंद वाटा, वाटांच्या मधोमध दगडी पाट, कोरडे ठणठणीत, आणि दोन्ही कडांना सरूची झाडं, ज्यांची सावली स्वतःपुरतीच पडते. कुठेही उभं राहिलं तरी सगळी बाग दिसायची, आणि आपण सगळ्या बागेला दिसायचो. आडोसा म्हणून नव्हता. चालता चालता मुलाला पाण्याची बाटली आणायची आठवण झाली, सुनेला बसायचं होतं, आणि बोलक्या मुलीला सुनेजवळ थांबायचं होतं. सगळ्यांना एकदमच काहीतरी काम निघालं.

असंच पूर्वी एकदा झालं होतं. मामाच्या घरी. मामी चहा टाकायला, मामा फोन घ्यायला, आई सहज, आणि खोलीत ती आणि एक तरुण माणूस, जो पुढे तिचा नवरा झाला. त्या वेळी ती खिडकीच्या गजांना लागलेला गंज नखाने काढत बसली होती. त्याने विचारलं होतं, तुम्हाला शिकायला आवडतं का, आणि ती हो म्हणाली होती. तेवढंच बोलणं. दार उघडून सगळे परत आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे की काहीतरी घडून गेलंय. तेव्हा तिला वाटलं होतं, घडलं असेलही, आपल्याला कळलं नसेल. आता या वयात, हाडांच्या आतलं बघण्यात नोकरी घालवून, परत त्याच बंद खोलीत, फक्त या खोलीला छत नव्हतं.

"तुम्हाला यायचं नव्हतं," शेजारून चालणारा म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"कशावरून?"

"मघापासून तुम्ही फाटकाकडे बघताय."

"आणि तुम्ही?"

"मी पाणी बघतोय. म्हणजे, नसलेलं." तो थांबला आणि बुटाचं टोक पाटाच्या कडेला टेकवलं. "याला पंप नव्हते. नुसता उतार दिलेला. इतका कमी की आपल्याला उभं राहून कळत नाही, पाण्यालाच कळतो. ते आपोआप जातं मग, जिथे बांधणाऱ्यांना हवं तिथे."

तिने पाटाकडे पाहिलं. तिला तो सपाटच दिसला. ती म्हणाली, "चला, आत बघून येऊ." तिचा हिशोब एवढाच होता की लवकर बघून झालं तर लवकर घरी जाता येईल. घरी जाऊन ती नाही म्हणणार होती. शब्दही ठरवून ठेवले होते. चांगले गृहस्थ आहेत, पण माझं मन नाही. आत घुमटाखाली संगमरवराची कबर होती, जाळीच्या कठड्याआड. रखवालदाराने सांगितलं की ही दाखवायची, खरी खाली आहे. जिना कोपऱ्यात होता, एका माणसापुरता अरुंद, आणि तोंडाशी पाणीवाले क्षणभर थबकले. तिने मागे वळून पाहिलं तसे ते म्हणाले, "हो हो, चला." तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ती तिच्या ठरवलेल्या वाक्यात होती.

खालची खोली बुटकी होती. एक पिवळा बल्ब, साधा दगडी चौथरा, त्यावर कोणी ठेवलेली सुकलेली फुलं, आणि ओल्या चुन्याचा वास. ते चौथऱ्याच्या पलीकडे पोचतात न पोचतात तोच जिन्यातून शाळेतली मुलं उतरायला लागली. एकामागून एक, सहल असावी, पन्नासेक तरी. खोली भिंतीपर्यंत भरली. मुलांच्या डब्यांचा, घामाचा, खोडरबराचा वास आला. मागून आणखी येतच होती, आणि जिना नुसत्या पायांनी भरलेला. मग बल्ब गेला. मुलं आनंदाने किंचाळली. कुठून तरी बाईंचा आवाज आला, कोणी हलायचं नाही, आहे तिथे उभं राहायचं. आणि अगदी तिच्या कानाशी तो माणूस म्हणाला, "मला बाहेर जायचंय."

"जाऊ या. मुलं वर जाऊ देत."

"नाही. आत्ता."

तो 'आत्ता' तिच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं माइकमधून ऐकलेला. त्यात हट्ट नसतो, विनंती नसते, माणूस बुडताना हात वर करतो तसा तो शब्द वर येतो. तिने अंधारात चाचपून त्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती. तो आता मुलांना ढकलून धावेल, एखादं मूल पायाखाली येईल, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला.

"डोळे मिटा."

"अंधारच आहे."

"तरी मिटा. हा बाहेरचा अंधार. मिटल्यावर तुमचा असेल. मिटलेत? आता तुमच्या घराच्या दाराशी उभे राहा. कुलूप उघडा. काय दिसतं?"

हे ती सगळ्यांनाच विचारत असे. माणसं स्वतःच्या घरात शिरली की श्वास येतो ठिकाणावर. बराच वेळ नुसता धापांचा आवाज. मग तो म्हणाला, "चपलांचं कपाट." "त्याच्यावर?" "बशी. किल्ल्यांची." "आत या." "बैठक आहे. खुर्च्या. शिलाई मशीन." "कोणाचं?" "तिचं. अभ्रा शिवत होती. सुई अजून कापडात आहे. मुलगी म्हणते काढून टाकू. मी तेल घालतो त्याला अधूनमधून." मनगट तिच्या बोटांत थोडं सैल झालं. ती त्याच्याबरोबर आत चालली होती. नेहमी ती दाराबाहेर थांबत असे. कोणाच्या घरात काय आहे हे तिला नको असायचं, ती फक्त नाडी मोजत असे. आज मात्र तिच्या हातात जणू पिशवी होती, आणि ती कुठे ठेवायची ते ती शोधत होती. कपाटावर बशी होती. खुर्चीवर बहुधा वर्तमानपत्रं असणार. मशीनवर ठेवणं शक्य नव्हतं. "झोपायची खोली," तो म्हणाला. "पलंग. मी उजवीकडे झोपतो." "डावीकडे?" "डावीकडे काही नाही. चादर. अभ्रे मी दोन्ही उशांचे बदलतो." तिला गुदमरल्यासारखं झालं. खोलीमुळे, मुलांमुळे, की त्या डाव्या उशीमुळे, ते ठरवता येईना. भिंती तिच्याही अंगाशी आल्या होत्या. मुलांपैकी कोणाचं तरी दप्तर तिच्या पोटात रुतत होतं. तिने विचारलं, "हवा कुठून येते त्या घरात?"

"बाल्कनी आहे. एक खुर्ची मावते."

"दुसरी?"

हे तिने का विचारलं तिला माहीत नव्हतं. कुठल्याही पेशंटला ती असलं काही विचारत नसे.

तो विचार करत असावा. "दुसरी उंबऱ्यात ठेवावी लागेल. मग दार लागणार नाही."

"राहू दे उघडं."

तो हसला. अंधारात नुसता नाकातून सुटलेला श्वास, पण तो हसण्याचाच होता. नाडी खाली आली होती. वरून रखवालदार बॅटरी घेऊन उतरला, मुलं उलटी फिरली, पाय एकेक करून जिना चढायला लागले. ती दोघं सगळ्यांच्या शेवटी वर आली. मनगट सोडायचं राहून गेलं होतं, आणि जिन्यात कुठेतरी बोटं सरकून तळहातात तळहात आला होता. कोणी सरकवली, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं. घुमटाबाहेरच्या उन्हात तिचे डोळे दिपले. डोळे उघडले तेव्हा समोर मुलगा, सून आणि ती बोलकी मुलगी उभी होती, आणि मुलीच्या हातातला मोबाइल त्यांच्याकडे रोखलेला होता.

हात सुटले, पण उशिरा. सुनेने एक हात तोंडावर ठेवला होता आणि दुसरा पोटावर. तिचे डोळे भरून आले होते. मुलगा बागेकडे बघत होता, मोठ्या माणसांनी बघावं तसं. तिला सांगता आलं असतं. यांना आत भीती वाटली, मी नुसता धीर दिला. एका वाक्याचं काम. पण त्याच्या मुलीसमोर, आत्ताच रंग परतलेल्या त्या चेहऱ्यासमोर ते वाक्य तिच्या जिभेवर आलं नाही. पेशंटचं कोणाला सांगायचं नसतं. ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ समोरच्या तिघांच्या चेहऱ्यांवर तयार होताना तिला दिसत होता.

तेव्हा तो माणूस स्वतःच म्हणाला, "मी आत घाबरलो. दिवे गेले, गर्दी होती. यांनी मला धरून बाहेर आणलं. बाकी काही नाही."

मग त्याची मुलगी खळखळून हसली. "बाबा, काहीही हं तुमचं. काकू, हे आणि घाबरणार? रोज तीन मजले चढतात, लिफ्टकडे ढुंकून बघत नाहीत. व्यायाम म्हणे." मुलगाही हसला, सूनही डोळे पुसत हसली. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. लिफ्टचं तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं. इतक्या माणसांत खरं बोललेला तो एकटाच होता, आणि खरं बोलून त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

मग फोटो. कोरड्या हौदाच्या कडेला दोघांना उभं केलं. जरा जवळ या, काकू. अजून. मुलगी मागे मागे जात होती, मधोमध घुमट यावा म्हणून. ओठ न हलवता तो म्हणाला, "माफ करा. तुम्ही नाही म्हणा त्यांना. मी म्हटलं तर म्हणतील, आईच्या आठवणीत अडकलेत, आणि दुसरी कोणी शोधतील. तुमचं ऐकतील."

"म्हणते," ती म्हणाली.

हेच तर म्हणायला ती आली होती. वाक्य तयार होतं. मग हे काय दुखलं, हे तिला समजेना. कोणी आपल्याला नको म्हणावं याचं दुःख या वयात होत असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि समजा आता हो म्हणावंसं वाटलं असतं, तरी ते कोणाचं झालं असतं? घरातल्यांना हवं तेच ते. जिथे सगळे तिला हळूच नेत होते तिथेच तिचं पाऊल पडलं असतं, आणि ते आपलं आपण टाकलं की कोणी टाकायला लावलं, हे तिला मरेपर्यंत कळलं नसतं. हसा ना काकू, मुलगी म्हणाली. ती हसली.

गाडीत ती मागे बसली, तिची सून पुढे. मुलाने गाडी सुरू केल्या केल्या सून मान वळवून म्हणाली, "मग? काय कळवू त्यांना?"

"नाही म्हणून कळव."

मुलाने गाडी परत बंद केली. "आई, पण आम्ही बघितलं ना."

"चांगले गृहस्थ आहेत. माझं मन नाही."

"घाई नाहीये," तो समजुतीने म्हणाला. "हे नाही तर अजून कोणी बघू. तुझ्यासाठीच चाललंय सगळं." त्याच्या आवाजाने ती चरकली. खाली ठेवलेला, सावकाश. तिचाच आवाज होता तो, काचेपलीकडून येणारा. झालंच, अजून थोडंच, हलू नका.

आणि सून एकाएकी रडायला लागली. खरंखुरं, नाक वाहीपर्यंत. "मग माझी आई कुठे झोपणार?" ती म्हणाली. "ती एकटी नाही राहू शकत आता. बाळ झाल्यावर इथेच येणार आहे, कायमची. तुमची नोकरी, बाळाला कोण बघणार? मी किती दिवस विचार करतेय. तुम्हाला हॉलमध्ये कसं झोपा म्हणू मी?"

मुलगा "अगं" म्हणाला. महिनाभरात घरात बोललं गेलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं, आणि ते ऐकून तिला वाईट वाटायच्या ऐवजी हलकं वाटलं. "हे आधी विचारायचंस," ती म्हणाली. "माझ्या खोलीत झोपतील. खिडकीखाली पलंग बसतो, मोजलंय ना तुम्ही. घोरतात का?"

"थोडी," सून हुंदका देत म्हणाली.

"बरं."

एवढं बोलून तिने आपली खोली देऊन टाकली. कोणी मागितली नव्हती, म्हणजे मागितलीच होती. आता तिथे रोज कोणाचा तरी श्वास ऐकू येणार होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्यावरच्या कोंडीत शिरून उभी राहिली. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता म्हणे. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. आणि शेजारच्या रांगेत, अगदी तिच्या खिडकीला खिडकी लावून, त्या मुलीची गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर तो होता. दोघांची नजर एकदमच पडली, आणि हलवायला जागा नव्हती. त्याने भुवया किंचित वर केल्या. सांगितलंत? तिने मान हलवली. हो, सांगितलं. त्यानेही मान हलवली, आभार मानावेत तशी. मग तो समोर बघायला लागला, तीही समोर बघायला लागली, आणि कोंडी सुटेना. थोड्या वेळाने त्याने आपली काच खाली केली, पूर्ण. हवेसाठी की कशासाठी, ते कळायला मार्ग नव्हता.

"खिडकी उघड," ती मुलाला म्हणाली. मागच्या काचा त्याने बाळासाठी आतापासूनच पुढून बंद करून ठेवल्या होत्या.

"एसी चालू आहे आई. धूर येईल."

"येऊ दे. उघड."

काच खाली गेली. ऊन, धूर, हॉर्न सगळं एकदम आत आलं. हात लांब केला तर लागेल इतका जवळ तो होता. पुढच्या सीटवर त्याची मुलगी, इकडे मुलगा आणि सून, तिघंही ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखे बसले होते.

"मी नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

"हो. बरं केलंत."

"ते तुमचं होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून म्हटलं." आवाज तिने खाली ठेवला नाही. "माझं अजून ठरलेलं नाही. मला कोणी विचारलेलं नाही."

सुनेने मान वळवली. मुलाचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. तो माणूस काहीतरी बोलायला पुढे वाकला, त्याचं तोंडही उघडलं, पण त्याच वेळी त्याच्या रांगेतल्या गाड्या हलल्या, मागच्याने हॉर्न दिला, आणि मुलीने गाडी पुढे घेतली. दोन गाड्यांपलीकडे जाऊन ती गाडी परत थांबली. तिच्या जागेवरून आता फक्त त्याचं कोपर दिसत होतं, उघड्या खिडकीवर टेकलेलं. ते आत गेलं नाही. मुलाने काच वर करायला बटणाकडे हात नेला. "राहू दे," ती म्हणाली, आणि त्याने तो मागे घेतला.